आसन आणि अटन

दारात आलेल्या माणसाला उद्देशून आपण पहिला शब्द उच्चारतो तो 'बसा'. पाणी त्यानंतर, गूळ त्यानंतर, येण्याचे प्रयोजन तर फार पुढे, आधी बसा. ज्या काळी पाहुणा पाचपाच कोस पायवाट तुडवून, ओढेनाले ओलांडून येत असे त्या काळी या एका शब्दात सारे आतिथ्य सामावलेले होते, याविषयी संशय नाही; परंतु आजचा पाहुणा मोटारीत बसून आलेला असतो, मोटारीत बसण्यापूर्वी तो कचेरीत किंवा दुकानात बसलेला असतो, आणि तरीही जी वस्तू त्याच्यापाशी गरजेहून अधिक आहे तीच आपण मोठ्या अगत्याने त्याच्यापुढे ठेवतो. भाषा या बाबतीत आपल्याहून शहाणी आहे. धंदा बुडाला म्हणजे मराठी माणूस तो 'बसला' म्हणतो. पावसात भिंत बसते, ओरडून घसा बसतो, वाईट वार्ता ऐकून माणूस मटकन खाली बसतो. उलट दुकान चालते, नाडी चालते, श्वास चालतो, आणि मनाजोगे नसले तरी निभावण्याजोगे असले म्हणजे आपण 'चालेल' म्हणून मोकळे होतो. न्यायासाठी दुसऱ्या पक्षाचीही साक्ष नोंदवली पाहिजे: जम बसतो, विश्वास बसतो, घडी बसते, संसाराचे बस्तान बसते. म्हणजे बसण्यात ऱ्हासही आहे आणि स्थैर्यही आहे. म्हातारपणी यांपैकी कोणते आपल्या वाट्याला येते, एवढाच प्रश्न उरतो.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वृद्ध स्त्रीपुरुषांना देवाजवळ काय मागता असे विचारले, तर मोक्षाचे नाव फारच थोड्यांच्या तोंडून निघते. 'हातपाय चालते आहेत तोवर उचल' एवढीच त्यांची मागणी असते. वेदान्ताच्या कसोटीवर ही मागणी कच्ची ठरेल, कारण तिच्यात देहाचा उल्लेख आहे. पण तिच्यात दीर्घायुष्य मागितलेले नाही, वैभव मागितलेले नाही, स्वर्गही मागितलेला नाही, आणि मरणाची हरकत तर मुळीच नाही, हे लक्षात घेतले म्हणजे इतकी निर्लोभ प्रार्थना दुसरी शोधून सापडणार नाही असे मला वाटते. या प्रार्थनेला आपल्या धर्मपरंपरेने काय उत्तर दिले आहे? उतारवयात माणसाने बसावे की चालावे?

हा प्रश्न मला ग्रंथांमुळे पडला नाही, गुडघ्यांमुळे पडला. एका सरकारी कचेरीत बारनिशीच्या टेबलापासून अव्वल कारकुनाच्या खुर्चीपर्यंत माझी तीस वर्षे गेली. आवकजावक, मिसली, टिपणे, शेरे, दाखले. उठायचे ते साहेबांनी घंटी वाजवली म्हणजे, आणि पुढे घंटी वाजवण्याचा अधिकार माझ्याकडेच आल्यावर तेही उठणे संपले. पेन्शनीत निघाल्यावर जे काही उरले होते ते घरच्यांच्या प्रेमाने संपवले. 'बाबा, तुम्ही बसा, मी देते,' हे सूनबाईचे शब्द दिवसातून दहा वेळा कानी पडतात, आणि त्या दहाही वेळा मी कृतज्ञतेने बसून राहतो. चष्मा नातू आणून देतो, विजेचे बिल मुलगा फोनवरून भरतो, देवघरातली फुलेसुद्धा कुणीतरी तोडून ठेवलेली असतात. अशा रीतीने वर्षभर माझी सेवा झाली, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला मार्कंड्याला गेलो असता दर्शन आटोपून देवळाच्या दगडी ओट्यावर जो टेकलो तो मला उठताच येईना. हाताला धरायला काही नव्हते. एका अनोळखी शेतकऱ्याने, माझ्याहून वयाने थोरच असावा, काखेत हात घालून मला उभे केले आणि काही न बोलता रांगेकडे निघून गेला.

हे मार्कंड्यालाच घडावे यात थोडा विनोद आहे. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जेथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, तेथे दगडी शिल्पमंदिरांचा हा समूह उभा आहे आणि त्याचे नाव ज्या ऋषीशी जोडलेले आहे तो वार्धक्यातून सुटलेला म्हणून पुराणांत विख्यात आहे. मृकंडूच्या या पुत्राचे आयुष्य सोळाच वर्षांचे होते. शेवटच्या दिवशी यमाचा पाश पडला तेव्हा तो पळाला नाही, शिवलिंगाला मिठी मारून जागच्या जागी बसून राहिला, आणि लिंगातून प्रकट झालेल्या शंकराने यमाचेच पारिपत्य केले. बसण्याचा एवढा मोठा विजय दुसरा नाही. परंतु या कथेचा आधार घेऊन आरामखुर्चीत विसावू पाहणाऱ्या वृद्धांनी एक बाब ध्यानात घ्यावी, की मार्कंडेय पुढे सोळा वर्षांचाच राहिला. तो म्हातारा झालाच नाही, तेव्हा म्हाताऱ्यांचा दाखला म्हणून त्याला पेश करता येणार नाही. शिवाय महाभारताच्या वनपर्वात हाच मार्कंडेय प्रलयाच्या पाण्यात एकटा, पाय टेकायला जागा न मिळता, भटकत राहतो. वटवृक्षाच्या फांदीवरील बालकाच्या उदरात शिरल्यावर तेथेही तो सारी सृष्टी हिंडून पाहत शंभराहून अधिक वर्षे फिरतो. म्हणजे ज्याने एकदा बसून मृत्यू टाळला, त्याने उरलेले अनंत आयुष्य पायांवरच काढले.

परंपरेची साक्ष अशीच दोन्ही बाजूंनी पडते. आपल्या धर्मातले सर्वांत वजनदार शब्द बसण्याच्या धातूंपासून निघाले आहेत. उपासना म्हणजे जवळ बसणे. उपनिषदातही गुरूजवळ खाली बसणे आहेच. योगाच्या आठ अंगांत आसन स्वतंत्र अंग म्हणून मोजले आहे. दुसरीकडे प्रदक्षिणा आहे, परिक्रमा आहे, वारी आहे, आणि चौथ्या आश्रमातल्या पुरुषाला तर परिव्राजक, म्हणजे सर्वत्र फिरणारा, हेच नाव आहे. आश्रमव्यवस्थेकडे जरा तटस्थपणे पाहिले तर असे दिसते की, तारुण्यात ज्याला गुरूपाशी आणि मग घरात बसवून ठेवले, त्याला शास्त्रकारांनी केस पांढरे झाल्यावर घराबाहेर काढून आधी अरण्यात आणि नंतर रस्त्यावर पाठवले. वय वाढेल तसे चालणे वाढावे असा हा क्रम आहे. (ज्या अरण्यात आर्यावर्ताने आपले वृद्ध पाठवावयाचे ठरवले तेथे माडिया आणि गोंड जन्मापासूनच राहत होते, त्यांचा वानप्रस्थाश्रम गृहस्थाश्रमाच्या आधीच सुरू होत होता, ही गोष्ट शास्त्रकारांच्या लक्षात आलेली दिसत नाही; पण ते असो.)

ऐतरेय ब्राह्मणातील रोहिताची कथा या संदर्भात मला फार सूचक वाटते. हरिश्चंद्राने पुत्र होताच तो वरुणाला अर्पण करण्याचे वचन दिले आणि मग पुत्रमोहाने वायदे वाढवीत नेले. मुलगा मोठा झाला, त्याला हकीकत कळली, आणि तो धनुष्य घेऊन रानात निघून गेला. मागे घरी बापाला जलोदर झाला. पित्याच्या दुखण्याची वार्ता ऐकून रोहित गावाकडे परतू लागला की दरवर्षी इंद्र ब्राह्मणाचे रूप घेऊन वाटेत आडवा येई आणि त्याला पुन्हा रानात फिरत राहण्याचा उपदेश करी. इंद्राच्या त्या उपदेशाची वचने सुभाषिते होऊन बसली, व्यायामशाळांच्या भिंतींवर चढली. परंतु कथेतला विरोध कुणी फारसा पाहत नाही. घरात बसलेला राजा पाण्याने फुगत चालला आहे आणि रानात हिंडणारा मुलगा ताठ आहे. आणखी एक गोष्टही तेथेच आहे आणि ती सोयीची नाही: रोहित सुटला तो केवळ चालल्यामुळे नव्हे, सहाव्या वर्षी त्याने शंभर गाईंच्या मोबदल्यात एका दरिद्री ब्राह्मणाचा मुलगा आपल्या जागी बळी जायला विकत घेतला म्हणून. एकाचे चालणे दुसऱ्याच्या मानेवर पडू शकते, हे श्रुतीने लपवून ठेवले नाही.

मरणाच्या बाबतीतही परंपरेने दोन वाटा ठेवल्या. एक प्रायोपवेशनाची, या शब्दात 'उपवेशन', म्हणजे बसणेच आहे: अन्न सोडून, एका जागी बसून मृत्यूची वाट पाहणे. परीक्षिताने गंगातीरी ती स्वीकारली. दुसरी महाप्रस्थानाची, पांडव उत्तरेकडे चालत राहिले, एकेक जण गळून पडत गेला, आणि धर्मराज मागे कुत्रा घेऊन चालतच राहिला. दोन्ही वाटा एकाच आयुष्यात चाललेला पुरुष आमच्या विदर्भाने पाहिला आहे. विनोबा १९५१ च्या एप्रिलात पोचमपल्लीहून भूदानासाठी निघाले तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते, प्रकृती पोटाच्या दुखण्याने पोखरलेली होती, आणि पुढची तेरा वर्षे तो मनुष्य रोज पहाटे उठून पुढच्या गावाला चालत राहिला. नंतर १९७० साली त्यांनी क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारला मुक्काम कायम केला, आणि १९८२ च्या नोव्हेंबरात, सत्याऐंशीव्या वर्षी, अन्नपाणी व औषध सोडून देह ठेवला. आधी अटन, मग आसन. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेलंगणातील पहिली पदयात्रा आटोपून पवनारकडे परतताना याच विनोबांनी, १९५१ च्या जून महिन्यात, चांदा जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या एका खडकाळ माळावर एका नव्या वसाहतीचे उद्घाटन केले. त्या वसाहतीचे नाव आनंदवन.

आणि येथे मी ज्या माणसाविषयी लिहायला बसलो, 'बसलो' हा शब्द येथे जरा लाजिरवाणाच आहे, त्याच्यापाशी येऊन पोहोचतो. मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटचा, मालगुजाराच्या घरातला. म्हणजे बसून खाण्याची सोय पिढ्यान्‌पिढ्यांची. वकिली झाली, शिकार झाली, वरोऱ्याला नगरपालिकेच्या कारभारात असताना मैल्याच्या टोपल्या स्वतः डोक्यावर वाहणेही झाले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि सहा रुग्ण, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले असे सांगतात. विहिरी रुग्णांनीच खणल्या, शेतही त्यांनीच काढले. हा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे. जी बाब ठाऊक असूनही आपण तिच्याकडे नीट पाहिलेले नाही ती अशी, की कष्टाने आणि दुखण्याने बाबांचे मणके झिजले आणि आयुष्याची पुढची काही दशके त्यांना बसता येत नव्हते.

हे वाक्य पुन्हा वाचावे. त्यांना चालता येत होते, पडता येत होते. बसता येत नव्हते. ज्या एका अवस्थेत आपण जागेपणीचा बहुतेक काळ घालवतो, जी आपण पाहुण्याला देतो, वृद्धाला देतो, अधिकाऱ्याला देतो आणि देवाच्या मूर्तीलाही देतो, ती अवस्था या माणसाच्या देहातून काढूनच घेतली गेली होती. कुणी भेटायला आले तर बाबा एकतर पलंगावर आडवे असत किंवा बंडी-चड्डीतली ती उंच आकृती काठी घेऊन उभी असे. मधला मुक्काम नाही. ज्याचे बसणे गेले त्याचे सारे गेले, असे आपण समजतो. येथे हिशेब उलटा निघाला. १९८५ च्या डिसेंबरात, एकाहत्तरी गाठत असताना, ते शे-सव्वाशे सायकलस्वार तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, स्वतः वाहनात आडवे पडून. १९८८ मध्ये पुन्हा इटानगरहून ओख्याकडे. १९९० साली, ज्या वयात माणसे नातवंडांच्या मुंजींचे मुहूर्त पाहतात त्या पंच्याहत्तरीत, त्यांनी आनंदवन सोडले आणि नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिले. शास्त्रात सांगितलेला वानप्रस्थ, घर सोडून नदीकाठी झोपडीत जाणे, अक्षरशः कुणी पाळला असेल तर तो कर्मकांडाची फारशी पत्रास न ठेवणाऱ्या या गृहस्थाने.

त्यांच्या वाट्याला त्र्याण्णव वर्षे आली. यावरून 'बसू नका म्हणजे त्र्याण्णव वर्षे जगाल' असा निष्कर्ष काढणारा मनुष्य न्यायाधीशाच्या आसनावर बसण्यास नालायक होय. एका माणसाच्या आयुष्यावरून नियम निघत नाही. मला त्यातून दिसते ते एवढेच, की आपण बसण्याला वार्धक्याचा नैसर्गिक धर्म मानतो तो तसा नाही. तो एक रिवाज आहे, आणि रिवाज मोडता येतो.

हे लिहिताना मला आनंदवनातल्याच दुसऱ्या एका सत्याची आठवण ठेवली पाहिजे, नाहीतर हा लेख प्रवचन होईल. कुष्ठरोगाने पायातील मज्जातंतू मरतात आणि तळव्यांची संवेदना जाते. अशा माणसाच्या चपलेत खडा शिरला तरी त्याला कळत नाही; तो मैलभर चालतो, व्रण पडतो, त्याच व्रणावर पुन्हा चालतो, आणि अखेर हाड सडून बोटे गळतात. त्याच्यासाठी औषध कोणते? विश्रांती. पाय प्लास्टरमध्ये घालून, चालणे बंद करून तो व्रण भरतो, आणि मग मऊ रबरी तळाची चप्पल देऊन त्याला मोजकेच चालायला शिकवावे लागते. ज्याला दुखत नाही त्याने चालणे धोक्याचे, आणि ज्याला थोडे दुखते त्याने बसून राहणे धोक्याचे. माझे गुडघे दुखतात म्हणून मी बसून राहत होतो. आनंदवनातल्या एखाद्या वृद्धाने ते ऐकले असते तर दुखणारा पाय मिळाल्याबद्दल त्याने माझे अभिनंदनच केले असते.

तसेच, रानातला मनुष्य चालतो म्हणून तो निरोगी, ही शहरी कविकल्पनाही टिकणारी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे घरोघर विचारून नोंदवली तेव्हा, सर्वाधिक मृत्यू ज्या एका कारणाने झाले ते कारण पक्षाघात निघाले. सातांतील सुमारे एक. ही गावे धान पेरणारी, चिखलात वाकून रोवणी करणारी, तेंदूपत्त्यासाठी मे महिन्याच्या उन्हात रान पिंजून काढणारी. चालण्याची कमतरता तेथे नव्हती; न मोजलेला रक्तदाब होता, मीठ होते, घोटलेला खर्रा होता, आणि दवाखाना दूर होता. आणि या सर्व गावांवर उपचार करणाऱ्या डॉ. अभय बंगांना स्वतःला ऐन उमेदीत हृदयविकाराने गाठले, ज्या अनुभवातून 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक जन्मले. पोटासाठी वाकणारी पाठ आणि आरोग्यासाठी वाकणारी पाठ एकच समजण्याचा अपराध आपण करू नये.

तरीही चैत्राच्या सुमारास सिंदेवाहीकडच्या एका गावात पहाटे जे पाहिले ते मला विसरता येत नाही. मोहाच्या झाडाखाली पाला झाडून जागा स्वच्छ केलेली होती आणि तीवर फिकट पिवळी, रसाने फुगलेली फुले टपटप पडत होती. वास असा, की डोके हलके व्हावे. सत्तरी ओलांडलेली एक बाई टोपली पुढे सरकवीत उकिडवी वेचत होती. ती एका जागी बसत नव्हती आणि पुरती उभीही राहत नव्हती. टाचा जमिनीला लागलेल्या, गुडघे छातीशी, आणि त्याच अवस्थेत ती बदकासारखी पुढे सरके, टोपली भरली की हात न टेकता उठे, फुले पोत्यात रिकामी करी, आणि पुन्हा उकिडवी होई. तिची सून काठी आपटीत, झुडपांवर नजर ठेवून उभी होती. या भागात मोह वेचायला वाकलेल्या माणसावर वाघ पडल्याच्या घटना दरसाल होतात आणि सकाळचे फिरणे ही आमच्याकडे नेहमीच निर्धास्त गोष्ट नसते. मी म्हाताऱ्या बाईला विचारले, 'आजी, थकत नाही का?' तिने वर न बघता उत्तर दिले, 'बसलं का गुडघे धरते गा, चाललं का सुटते.'

घरी आल्यावर मी तिच्या उठण्याबसण्याचा विचार करीत राहिलो आणि मला असे वाटू लागले, की आसन आणि अटन यांचा जो खटला मी इतका वेळ चालवला त्यात खरा आरोपी हजरच नव्हता. ऋषी बसत ते जमिनीवर. पंगत जमिनीवर, पोथी जमिनीवर, दळण, निवडण, चूल, सारे जमिनीवर. अगदी तेंदूपत्त्याची ७० पानांची पुडकी बांधायला अंगणात घरदार बसते तेही जमिनीवर. जमिनीवर बसणाऱ्याला प्रत्येक बसण्याच्या बदल्यात एक उठणे द्यावे लागते, आणि बसलेला असतानाही पाठ स्वतःच्या बळावर तोलावी लागते. टांझानियातील हाड्झा या शिकारी जमातीची पाहणी झाली तेव्हा असे दिसले, की ते लोकही दिवसाचे सुमारे दहा तास विसावलेलेच असतात. पण त्यांतला पुष्कळसा काळ उकिडवे किंवा गुडघ्यांवर, जेथे मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू जागे राहतात. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या २००२ स्त्रीपुरुषांना जमिनीवर बसून उठायला सांगितले. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच, हात किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा. आणि ज्यांचे गुण कमी भरले त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूही अधिक झाले. मार्कंड्याच्या ओट्यावर माझी हीच परीक्षा झाली होती, आणि निकाल त्या शेतकऱ्याने काखेत हात घालून जाहीर केला होता.

आरोपीचे नाव खुर्ची. हा शब्दही आपला नव्हे. दरबारातून कचेरीत आणि कचेरीतून घरात आला. तिने बसण्यातले उठणे काढून घेतले. गादी, लोड, तक्के ही मंडळी तिच्या आधीची खरी, पण ती थोड्यांच्या वाट्याला येत. प्लास्टिकच्या खुर्चीने हे वैभव भामरागडपर्यंत पोहोचवले. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस यांनी दाखवून दिले होते, की दिवसभर बसणाऱ्या चालकापेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होतो. दोघांचा पगार, गाडी, शहर जवळपास एकच, फरक आसनाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांच्या हालचालीचा, पासष्टीपुढे तोल व ताकद राखणाऱ्या व्यायामाचा, आणि सर्वांनाच बसणे कमी करण्याचा सल्ला दिला. आकडे ठीक आहेत. मोह वेचणाऱ्या आजीला ते कुणी वाचून दाखवू नयेत एवढेच.

धर्माकडे परत येतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाविषयी जे विचारतो त्यात तो कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो, असे सरळ देहाचे प्रश्न आहेत. कृष्ण पुढे इतके श्लोक बोलतो, पण त्या पुरुषाने मांडी कशी घालावी किंवा पावले कशी टाकावीत याविषयी अवाक्षर काढत नाही. सारे उत्तर मनाविषयी आहे. स्थिर राहायचे ते प्रज्ञेने. आपण सोयीसाठी त्यातली प्रज्ञा सोडली आणि स्थिती तेवढी देहाला लावून घेतली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना हा भेद नीट उमजला होता असे मला वाटते. चिमूर तालुक्यातील गोंदेड्याच्या रानात ज्यांनी तरुणपणी तप केले त्या या संताने गावोगाव जी दिनचर्या लावून दिली तीत पहाटे सामुदायिक ध्यान आहे, ते बसून. आणि त्याला लागूनच रामधून आहे, ती गावातून चालत, स्वच्छ झालेल्या गल्ल्यांतून, म्हाताऱ्यांसकट. मन बसवायचे आणि पाय चालवायचे, हे दोन्ही एकाच पहाटे.

मार्कंड्याहून परतल्यापासून मी चंद्रपूरच्या परकोटाच्या कडेने सकाळी फिरतो. आख्यायिका अशी, की अंगभर व्रणांनी त्रस्त असलेला राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला गेला असता त्याला एका ठिकाणच्या पाण्याने आराम पडला, आणि पुढे येथेच एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. तो ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर राणीच्या सल्ल्याने गावकुसाची रेघ आखली गेली. दहा किलोमीटरांहून लांब असलेला हा कोट झाडाझुडपांनी गिळला होता, तो इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी शेकडो दिवस श्रमदान करून मोकळा केला. त्याला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे आहेत आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसण अशा पाच खिडक्या. मी सध्या विठोबा खिडकीपर्यंत जातो आणि परततो. मसण खिडकीची मला घाई नाही.

घरी सूनबाईशी मी एक करार केला आहे, आणि ज्यांच्या घरी कुणी वयस्क आहे त्या वाचकांपुढेही तोच अर्ज ठेवतो. म्हाताऱ्याला खाली बसून जेवायचे असेल तर बसू द्या. उठताना त्याला वेळ लागेल, तोंडातून दोन शब्द निघतील, एक हात भिंतीला जाईल. तुम्ही जवळ उभे राहा, पण तांब्या त्याचा त्यालाच घेऊ द्या.